थॉमस लिंकन: सरहद्दीवरच्या एका शेतकऱ्याच्या घराण्याचा कागदोपत्री माग

पाऊलखुणा (धागाकर्ती)

अब्राहम लिंकनच्या गोष्टीत त्याचे वडील बहुतेक वेळा दोन ओळींत उरकले जातात. अडाणी सुतार, एका जागी न टिकणारा, मुलाच्या हातात पुस्तक दिसले की कपाळाला आठ्या घालणारा. मी लुईव्हिलला राहते. केंटकीच्या जुन्या जमीन-नोंदी वाचायचा नाद लागल्यापासून हे चित्र मला पटेनासे झाले आहे. थॉमस लिंकन (1778–1851) आयुष्यभर बिऱ्हाड हलवत राहिला हे खरेच. तो का हलवत राहिला, ते मात्र दप्तरात सापडते. तेच इथे मांडायचे आहे.

आधी घराणे. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या हिंगम गावचा सॅम्युएल लिंकन विणकराकडे उमेदवारी करणारा पोरगा होता. 1637 साली तो मॅसॅच्युसेट्सला उतरला आणि हिंगम नावाच्याच नव्या वस्तीत स्थिरावला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय लोखंडाच्या धंद्यात पडला. नातवाचे नावही मॉर्डेकाय. तो न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत गेला. त्याचे 1733 सालचे घर अजून उभे आहे. पणतू जॉन तिथून व्हर्जिनियात, शेनानडोआ खोऱ्यातल्या लिनव्हिल ओढ्याकाठी आला. जॉनचा मुलगा अब्राहम (जन्म 1744) मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यदलात, कॅप्टन होता. हा आपल्या थॉमसचा बाप, म्हणजे अध्यक्ष लिंकनचा आजा. दर पिढी थोडी आणखी पश्चिमेला, असाच या घराचा क्रम.

कॅप्टन अब्राहमने 1780 मध्ये जमीन विकली, व्हर्जिनिया सरकारच्या खजिन्यातून केंटकीतल्या जमिनीची वॉरंटे, म्हणजे जमीन घ्यायची हक्कपत्रे, घेतली आणि 1782 च्या सुमारास बायकोमुलांसह डोंगर ओलांडला. थॉमस तेव्हा चार वर्षांचा होता.

मे 1786. आजच्या लुईव्हिलच्या पूर्वेला लाँग रन नावाच्या ओढ्याजवळ कॅप्टन अब्राहम तीन मुलांना घेऊन मका पेरत होता. झाडीतून गोळी आली आणि तो जागीच पडला. मधला जोसाया मदत आणायला जवळच्या गढीकडे पळाला. थोरला मॉर्डेकाय खोपटात शिरला आणि त्याने भिंतीवरची बंदूक काढली. आठ वर्षांचा थॉमस बापाच्या देहापाशीच राहिला. हल्लेखोरांपैकी एक जण त्याच्या दिशेने येत असताना मॉर्डेकायने लाकडांच्या फटीतून नेम धरला आणि त्याला टिपले. पुढे 1854 मध्ये अब्राहम लिंकनने एका नातेवाइकाला पत्र लिहिले, त्यात म्हटले आहे की ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत हीच आपल्या मनावर सर्वांत खोल कोरली गेली.

आता कायद्याची बाजू. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 1785 च्या अधिवेशनात हा नियम मोडून सर्व मुलांना सारखा वाटा दिला, पण नवा कायदा लागू झाला 1 जानेवारी 1787 पासून. बाप गेला मे 1786 मध्ये. त्या काही महिन्यांच्या फरकाने हजारो एकरांची मालमत्ता मॉर्डेकायकडे गेली आणि थॉमसच्या हाती काही लागले नाही. थॉमसच्या मुलाने, म्हणजे अध्यक्ष लिंकनने, 1860 मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात बापाचे वर्णन ‘भटकत मजुरी करणारा पोरगा’ असे येते, त्याच्या मागे हे आहे.

त्या पोराने सुतारकी शिकून पैसे साठवले आणि 1803 मध्ये हार्डिन काउंटीत मिल क्रीकची 238 एकर जमीन 118 पौंड रोख मोजून घेतली. पंचविशीतला, वारसा नसलेला माणूस, आणि रोख! 1806 मध्ये नॅन्सी हँक्सशी लग्न झाले. 1808 च्या डिसेंबरात त्याने 200 डॉलर देऊन सिंकिंग स्प्रिंगचे शेत घेतले. तिथेच 12 फेब्रुवारी 1809 ला अब्राहम जन्मला. 1811 मध्ये कुटुंब नॉब क्रीकला गेले, ओढ्याकाठच्या तीसेक एकर चांगल्या जमिनीवर.

तिन्ही ठिकाणी कागदाने दगा दिला. मिल क्रीकची मोजणी चुकीची होती. 238 एकर म्हणून घेतलेली जमीन 200 एकर म्हणून विकावी लागली, तीही शंभर पौंडांत. सिंकिंग स्प्रिंगवर आधीच्या कुणाचे तरी देणे थकलेले होते. दावा झाला आणि शेत लिलावात गेले. नॉब क्रीकला दूरच्या एका मालकाच्या वारसांनी येऊन सांगितले की दहा हजार एकरांचा हा सगळा पट्टाच आमचा. थॉमस आणि त्याचे नऊ शेजारी यांच्यावर बेदखलीचे दावे लागले. थॉमसचा दावा पुढे त्याच्याच बाजूने निकाली निघाला, 1818 मध्ये. तोवर तो केंटकी सोडून गेलेला होता.

आणि हा माणूस आळशी? 1814 च्या करनोंदीत हार्डिन काउंटीच्या 98 मालमत्ताधारकांत त्याचा क्रम पंधरावा आहे. ज्यूरीवर त्याचे नाव आहे, मिलिशियात आहे, रस्त्याच्या देखभालीवर नेमणूक आहे. 1920 च्या दशकात अभ्यासकांनी काउंटी कचेऱ्यांतली ही बाडे उघडली तेव्हा जुने चित्र हलले. सर्वसामान्य वाचकापर्यंत ते अजून पोचलेले नाही.

इंडियानाचे पुढे लिहिते. कुणाला या भागाची किंवा जमीन-दप्तराची माहिती असेल तर जरूर भर घाला.

अनघा_प

फार सुंदर. मे 1786 आणि जानेवारी 1787 हे वाचून थांबलेच. एका तारखेवर माणसाचे सगळे आयुष्य फिरते.

दोन प्रश्न. एक, थॉमसने केंटकी सोडली ती गुलामगिरीला विरोध म्हणून, असे शाळेत शिकल्याचे आठवते. ते खरे का? दुसरा, आपल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिंकनने मुख्याध्यापकांना लिहिलेले पत्र असते. त्यातला बाप आणि तुम्ही सांगताय तो बाप, यांचा काही संबंध?

मोजणीदार

मी भूमी अभिलेखात नोकरी केली, आता निवृत्त आहे, सातारा जिल्ह्यात. त्यामुळे हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा. मोजणीबद्दल थोडे लिहितो, कारण पाऊलखुणाताईंच्या मुद्द्याचे मूळ तिथे आहे.

केंटकीत व्हर्जिनिया सरकारने आधी वॉरंट विकले. वॉरंट म्हणजे फक्त ‘इतके एकर घ्यायचा हक्क’. कुठले एकर, ते खरेदीदाराने स्वतः जाऊन ठरवायचे, खुणा करायच्या, मोजणी करून घ्यायची आणि कचेरीत नोंदवायचे. गावनकाशा नाही, गट नंबर नाही. खरेदीखतात नुसती चतुःसीमा. अमुक ओकच्या झाडापासून इतके पोल (लांबीचे जुने माप) पूर्वेला, तिथून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून फलाण्याच्या कोपऱ्यापर्यंत. झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले की हद्द गेली. एकाच तुकड्यावर दोन-तीन वॉरंटे चढलेली असायची. सरकारने प्रत्यक्ष असलेल्या जमिनीपेक्षा जास्त एकर विकून ठेवले होते, कारण आधी कुणी मोजलेच नव्हते. आमच्या खात्यात आम्ही नवीन पोरांना सांगायचो की आधी टिपण (मोजणीची मूळ नोंद) बघा, मग बांधावर जा. तिथे टिपणच नव्हते.

त्याच्या उलट ओहायो नदीच्या पलीकडे. 1785 च्या अध्यादेशाने केंद्र सरकारने आधी मोजणी आणि मग विक्री, असा क्रम लावला. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे एक चौरस मैलाचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकर, त्याचा चतकोर 160 एकर. कोपऱ्याकोपऱ्यावर खूण. मालक सरकार, विकणारे सरकार, सनद देणारेही सरकार. मध्ये तिसरा कुणी नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, मोजणीवाल्यांना आवडेल. तिकडची मोजणी गुंटर साखळीने, 66 फूट, शंभर कड्यांची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपली मुंबई इलाख्याची साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे बरोबर तिच्या निम्मी. 33 बाय 33 फूट म्हणजे आपला गुंठा, 1089 चौरस फूट, आणि 40 गुंठ्यांचा एकर. थॉमस लिंकनचा एकर आणि माझ्या तालुक्यातला एकर एकाच इंग्रजी मापातून निघाले आहेत. त्याचे 160 एकर म्हणजे 6400 गुंठे. इतकी जमीन एकट्या माणसाने कुऱ्हाडीने मोकळी करायची, हे डोळ्यांसमोर आणा.

इंडियानाकर

मोजणीदार काका, जबरदस्त प्रतिसाद.

तुमच्या ओकच्या झाडाला पुरावा देतो. सिंकिंग स्प्रिंगच्या शेताच्या हद्दीवर खरोखरच एक पांढरा ओक होता आणि 1805 च्या मोजणीत तो कोपऱ्याची खूण म्हणून नोंदलेला आहे. ‘बाउंडरी ओक’ म्हणायचे त्याला. लिंकनच्या जन्माच्या वेळी उभा असलेला तो तिथला शेवटचा सजीव साक्षीदार. 1976 मध्ये वाळला.

पाऊलखुणा

अनघाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलानेच दिले आहे. 1860 च्या आत्मवृत्तात तो म्हणतो की वडिलांनी राज्य सोडले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्काच्या अडचणींमुळे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गुलामगिरीविरुद्ध लढून नाव कमावलेल्या माणसाला उलटा क्रम लावणे सोयीचे होते, तरी त्याने तो लावला नाही.

गुलामगिरीचा मुद्दा खोटा नाही. लिंकन कुटुंब ज्या बॅप्टिस्ट मंडळीत जायचे ती गुलामगिरीविरोधी होती. गुलामांच्या फुकट श्रमाशी स्वतःच्या दोन हातांनी शेती करणाऱ्याला स्पर्धा करावी लागायची, हेही आहेच. पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. थॉमसच्या थोरल्या भावाकडे गुलाम होते, टेनेसीतल्या काकाकडेही होते, आणि हार्डिन काउंटीच्या गस्तीवर खुद्द थॉमसची नेमणूक झाल्याची नोंद आहे. गुलामांवर पाळत ठेवणे हे त्या गस्तीचे काम होते.

पत्राबद्दल: लिंकनच्या संग्रहित कागदपत्रांत मुख्याध्यापकांना लिहिलेले असे पत्र नाही. मजकूर सुंदर आहे, त्याचा कर्ता लिंकन असल्याचा पुरावा नाही. बापाविषयी आणि बापाला लिहिलेली खरी पत्रे आहेत, ती फार वेगळ्या सुरातली आहेत.

आता इंडियाना. डिसेंबर 1816 मध्ये, त्याच महिन्यात इंडियाना राज्य झाले, हे कुटुंब ओहायो नदी ओलांडून लिटल पिजन ओढ्याजवळ आले. 1787 च्या अध्यादेशाने तिथे गुलामगिरीला बंदी होती. 15 ऑक्टोबर 1817 ला थॉमस विन्सेन्सच्या सरकारी जमीन कचेरीत गेला आणि 160 एकर नोंदवले. टाउनशिप 4 दक्षिण, रेंज 5 पश्चिम, सेक्शन 32, नैऋत्य चतकोर. काका, हा पत्ता आज कुणीही नकाशावर बोट ठेवून दाखवू शकेल.

दर एकरी 2 डॉलर, चौथाई आधी, बाकी हप्त्याने. थॉमसने 80 डॉलर भरले. मग 1819 ची मंदी आली आणि पश्चिमेकडचे हजारो शेतकरी थकबाकीत गेले. सरकारने 1820 मध्ये उधारी बंद केली. पुढच्या वर्षी सवलत दिली की ज्यांचे हप्ते थकले आहेत त्यांनी थोडी जमीन परत करून उरलेल्या जमिनीचा हिशेब मिटवावा. थॉमसने 1827 मध्ये पूर्वेकडचे 80 एकर सोडले आणि पश्चिमेकडच्या 80 एकरांची सनद घेतली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याच्या हातात पहिल्यांदा असा कागद आला ज्यावर कुणी दावा करू शकत नव्हते.

चिकित्सक

माहिती उत्तम, पण धाग्याचा कल मला एकतर्फी वाटतो.

थॉमसला कागदाने फसवले, मान्य. पण मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला शेजाऱ्यांकडे मजुरीला पाठवून ती मजुरी बाप घ्यायचा. त्या पोराची सगळी शाळा मिळून वर्षभरसुद्धा भरत नाही, हे त्यानेच लिहिले आहे. आणि 1851 मध्ये बाप मरणपंथाला लागला असताना मुलगा भेटायला गेला नाही, अंत्यविधीलाही गेला नाही. वकिली जोरात चालू होती, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. इतका दुरावा विनाकारण येत नाही. कर भरणाऱ्यांच्या यादीत पंधरावा असणे आणि चांगला बाप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाऊलखुणा

चिकित्सक, तुमचा आक्षेप वाजवी आहे. थॉमस प्रेमळ बाप होता असा माझा दावा नाही.

सज्ञान होईपर्यंत मुलाची कमाई बापाची, हा त्या काळचा कायदा आणि सरसकट रिवाज होता. त्यामुळे त्या मुलाला ते कमी जाचले असेल असे नाही. 12 जानेवारी 1851 ला त्याने सावत्रभाऊ जॉन जॉन्स्टनला पाठवलेले पत्र वाचायला कठीण आहे. वडिलांना सांग की आता आपली भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखच अधिक देईल की काय अशी शंका वाटते, असे त्यात आहे. स्वतःची बायको बाळंतीण आणि आजारी आहे, हेही त्यात लिहिले आहे. पाच दिवसांनी, 17 जानेवारीला, थॉमस गेला.

पण याच मुलाने 1841 मध्ये 200 डॉलर देऊन आईबापाच्या शेतातले 40 एकर विकत घेतले आणि करारात लिहून ठेवले की दोघे हयात असेपर्यंत जमीन त्यांनीच वापरायची. म्हाताऱ्याच्या हाती रोकड आली आणि पायाखालची जमीनही राहिली. तीन शेते कागदापायी गेलेल्या बापासाठी वकील झालेल्या मुलाने केलेली ही तजवीज आहे. मला ती त्या पत्राइतकीच बोलकी वाटते. दोन्ही एकाच माणसाने केले.

बाप गेल्यावर घरच्या बायबलमधली जन्ममृत्यूची पानेही अब्राहमनेच आपल्या हाताने लिहिली. त्यात थॉमसचे वय 73 वर्षे 11 दिवस दिले आहे. त्यावरून जन्मतारीख 6 जानेवारी 1778 निघते.

चिकित्सक

40 एकरांच्या कराराचे माहीत नव्हते. हे महत्त्वाचे आहे. पत्राबद्दलचे मत कायम ठेवतो.

पशुवैद्य_नगर

नॅन्सी लिंकनच्या मृत्यूबद्दल लिहितो, कारण तो माझ्या विषयातला आहे.

1818 च्या उन्हाळ्याअखेर लिटल पिजनला दुधाचा आजार आला. आधी नॅन्सीचे मावशी-काका, थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो, सप्टेंबरात गेले. 5 ऑक्टोबरला नॅन्सी गेली. वय सुमारे 34. कारण होते पांढरी फुले येणारे व्हाइट स्नेकरूट नावाचे रानातले झाड. उन्हाळ्याच्या अखेरीस कुरणे सुकली की गाई सावलीतल्या झाडीत शिरून ते खातात. त्यातले ट्रेमेटॉल हे विष दुधात उतरते. गाय दुभती असेल तर विष दुधावाटे बाहेर पडत राहते, म्हणून बऱ्याचदा तिच्यात लक्षणे उशिरा दिसतात आणि पिणारा आधी आजारी पडतो. आधी अशक्तपणा, मग ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, श्वासाला आंबूस वास, शेवटी बेशुद्धी. वासरे थरथर कापतात, म्हणून गुरांमधल्या या रोगाला ‘थरथर’ म्हणायचे.

नॅन्सी आजारी शेजाऱ्यांची सेवा करत होती. म्हणजे आजार संसर्गाचा समजून लोक घाबरत असतील त्या काळात ती त्यांच्या घरी जात होती. दूध हे कारण आहे अशी शंका लोकांना होती. नेमके विष कोणते ते शास्त्रज्ञांनी सिद्ध केले 1920 च्या दशकात, म्हणजे शंभर वर्षांनंतर. तोवर या आजाराने त्या पट्ट्यातल्या कित्येक वस्त्या उठल्या.

शवपेट्या थॉमसने स्वतः केल्या. नऊ वर्षांच्या अब्राहमने त्यासाठी लाकडी खुंट्या तासून दिल्या, अशी घरात सांगितली जाणारी आठवण आहे.

निंबोणी

नॅन्सीविषयी अजून थोडे. मला या सगळ्यात तीच सर्वांत जवळची वाटते.

अनेक वर्षे लोक कुजबुजायचे की थॉमस आणि नॅन्सीचे लग्न झालेच नव्हते, कारण हार्डिन काउंटीत नोंद सापडत नव्हती. लोक चुकीच्या कचेरीत शोधत होते. लग्न झाले होते शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, 12 जून 1806 ला, जेसी हेड नावाच्या पाद्र्याने लावले होते. तिथल्या कारकुनाला 1878 मध्ये स्प्रिंगफील्डच्या कचेरीत ते कागद सापडले. दोन दिवस आधीचे विवाहाचे जामीनपत्रही आहे, थॉमसच्या सहीसह. तोवर लिंकनचा खून होऊन तेरा वर्षे झाली होती. आपल्या आईवरचा हा डाग पुसलेला त्याला कधीच बघता आला नाही.

नॅन्सीची आई ल्युसी हँक्स की आणखी कुणी, यावर तर शतकभर वाद चालला. शेवटी मातृवंशाच्या जनुकीय चाचणीने, म्हणजे आईकडून मुलीकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएने, 2015 मध्ये तो मिटवला. ती ल्युसीचीच मुलगी. बाप कोण, ते त्या चाचणीतून कळू शकत नाही.

आणि सारा बुश! 2 डिसेंबर 1819 ला थॉमसने एलिझाबेथटाउनला जाऊन या विधवेशी लग्न केले. तिची तीन मुले, थॉमसची दोन, शिवाय नॅन्सीचा मावसभाऊ डेनिस हँक्स, एवढे सगळे एका खोलीच्या लाकडी घरात. तिने अक्रोडाच्या लाकडाचे कपाट, पिसांच्या गाद्या आणि काही पुस्तके आणली. जमिनीला फळ्या ठोकून घेतल्या, सगळ्यांना एका पंक्तीला बसवले. स्वतःला लिहिता येत नव्हते, पण या सावत्र मुलाच्या वाचनाच्या आड कुणाला येऊ दिले नाही. 31 जानेवारी 1861 ला वॉशिंग्टनला निघण्याआधी तो तिला भेटायला गेला आणि त्याच फेरीत बापाच्या कबरीवरही गेला. चिकित्सक, हेही जमेस धरा.

रानपाखरू

एक बाजू अजून कुणी मांडली नाही. कॅप्टन अब्राहमला मारणारे कोण होते आणि का? केंटकी ही शॉनी, चेरोकी वगैरे अनेक मूलनिवासी लोकांची शिकारीची भूमी होती. 1780 च्या दशकात तिथे रोज दोन्हीकडची माणसे मरत होती. अध्यक्ष लिंकनच्या मनावर कोरली गेलेली गोष्ट लिंकनांच्या बाजूची आहे, आणि लाकडांच्या फटीतून टिपल्या गेलेल्या माणसाच्या घरी ती वेगळी सांगितली गेली असणार. मोठा झाल्यावरही मॉर्डेकाय मूलनिवासी दिसला की सूड घ्यायला धावायचा, अशा आठवणी त्या भागात होत्या.

मोजणीदारांनी ज्या स्वच्छ मोजणीचे कौतुक केले, तीही आधी कुणाची तरी जमीन काढून घेतल्यावरच झाली. दक्षिण इंडियानाचा हा पट्टा 1804 च्या विन्सेन्सच्या तहांत डेलावेअर आणि पियान्कशॉ लोकांकडून घेतला गेला. थॉमसने चतकोर नोंदवला तो तेरा वर्षांनी.

मोजणीदार

रानपाखरू, बरोबर बोललात. मोजणीचा नकाशा नेहमी कोऱ्या कागदावर काढलेला दिसतो. आधी तिथे कोण राहत होते ते टिपणात लिहीत नाहीत. आमच्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची दप्तरे मी हाताळली आहेत.

इंडियानाकर

कुणी या बाजूला येणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

हॉजेनव्हिल, केंटकी: जन्मस्थळ. टेकडीवर 56 पायऱ्यांचे संगमरवरी-ग्रॅनाइटचे स्मारक, आत लाकडी घर. ते घर लिंकनचे नाही. 2004 मध्ये लाकडाच्या वलयांवरून काढलेले वय 1848 च्या आसपासचे निघाले. पार्कवाले स्वतःच त्याला ‘प्रतीकात्मक’ म्हणतात. खाली उतरून झरा मात्र जरूर पाहा, तो खरा आहे. खडकाच्या पोटात पाणी टपकत खाली दिसेनासे होते. शेताला नाव त्यावरूनच.

लिंकन सिटी, इंडियाना: नॅन्सीची कबर आणि त्या काळच्या पद्धतीने चालवून दाखवले जाणारे शेत. मुलगी साराची कबर जवळच्याच लिटल पिजनच्या दफनभूमीत आहे. 1828 च्या जानेवारीत ती बाळंतपणात गेली, वीस वर्षांची होती फक्त.

लर्नाजवळ, इलिनॉय: थॉमसचे शेवटचे शेत, गूसनेस्ट प्रेअरी. 1830 च्या मार्चमध्ये तेरा जणांचा हा काफिला बैलगाड्यांनी इलिनॉयला गेला. पहिला हिवाळा डिकेटरजवळ, तोही ‘खोल बर्फाचा हिवाळा’ म्हणून तिकडे आजवर लक्षात राहिलेला. मग कोल्स काउंटी. तिथले मूळ घर 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी उकलून नेले, ते परत आलेच नाही. आज दिसते ती प्रतिकृती आहे. कबर शायलो दफनभूमीत.

थॉमसच्या हातची कोपऱ्यातली कपाटे संग्रहालयांत पाहायला मिळतात. साधे लाकूड, पण सांधे इतके नीट बसलेले आहेत की ‘कामचुकार’ हा शब्द त्यांच्यासमोर उभे राहून उच्चारता येत नाही.

अनघा_प

पाऊलखुणा, या घराण्याचे आज कुणी आहे का? आणि थॉमसची सनद खरोखर घरबसल्या पाहता येते का?

पाऊलखुणा

थॉमस आणि नॅन्सीला तीन मुले. धाकटा थॉमस तान्हेपणीच केंटकीत गेला, मुलगी साराचे बाळही वाचले नाही. म्हणजे वंश एकट्या अब्राहमकडून पुढे गेला. त्याचा शेवटचा निर्विवाद वंशज, रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ, 24 डिसेंबर 1985 ला वारला. मॉर्डेकाय आणि जोसाया या भावांकडून आलेली शाखा आहे. हँक्स घराण्याचाही पसारा मोठा आहे.

निंबोणी, सावत्र आई सारा बुशच्या हक्काचेही सांगते. थॉमस गेल्यावर त्याच वर्षी जॉन जॉन्स्टनने जमीन विकून मिसूरीला जायचा बेत केला. नोव्हेंबर 1851 मध्ये अब्राहमने त्याला एकामागून एक पत्रे धाडली. त्या 40 एकरांना हात लावू नकोस, आईच्या पोटापाण्यासाठी ते राहिले पाहिजेत, इतक्या कडक शब्दांत. सारा 1869 पर्यंत जगली.

सनदीचे: केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर जुन्या सनदींच्या प्रतिमा फुकट आहेत. राज्य इंडियाना, काउंटी स्पेन्सर, आडनाव लिंकन असे टाका. केंटकीतल्या जमिनींचे काही तिथे मिळणार नाही, कारण केंटकी केंद्राची जमीन कधीच नव्हती. त्यासाठी केंटकीच्या राज्य सचिवांच्या जमीन कचेरीची वेगळी यादी आहे, तिथे व्हर्जिनियाच्या काळातली वॉरंटे आणि मोजण्या पाहता येतात. कॅप्टन अब्राहमची मोजणी शोधताना आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे टाकून बघा. मोजणीदाराने 1785 मध्ये तसेच लिहून ठेवले आहे.